बासष्ट

एकोणीसशे चारची वीस डॉलरी.
फिलाडेल्फियानं त्या एका वर्षात
साठ लाखांवर पाडल्या होत्या.
कुणी दाखवायला आणली की मी मान वर करत नाही,
नुसता हात पुढे करतो.

कडेनं धरायचं, अंगठा तोंडावर येता कामा नये.
हे मला ॲग्नेस ट्रुडलनं शिकवलं,
टोलेडोत, चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत,
एका हातात मासळीचं सँडविच, दुसऱ्यात भिंग.
म्हणायची, नाणं वाजवून घेणारे मेले सगळे.
आता बघून घ्यायचं.
एकच दिवा, खाली काळं कापड,
आणि नाणं असं कलतं फिरवायचं
की उजेडाचे आरे चाकासारखे
चेहऱ्यावरून धावले पाहिजेत.
धावलेच नाहीत, तर कुणीतरी घासून धुतलंय.
कानावरच्या केसांत अडखळले, तर कुणाच्या तरी खिशात फिरलंय.
मग गाल बघ, पोरा.
सगळं शेवटी गालावर येतं.

बावनकशी वगैरे तुमच्याकडे.
आमचं सोनं नऊ भाग, दहावा तांबं,
आणि आमचा कस सत्तरीचा.
सत्तर मी पाहिलेलं नाही.
या बाया बहुतेक एकसष्ट, बासष्ट,
नशीब असेल तर त्रेसष्ट.

यांनी कधी पाव विकत घेतला नाही,
घोडा नाही, वधूसाठी कापड नाही.
अडीचशेच्या थैलीत शिवून बोटीवर चढल्या
आणि झुरिकच्या तळघरात
उताण्या-पालथ्या पडून राहिल्या, दोन महायुद्धं.
मग एवढे ओरखडे कुणी काढले?
मी विचारलं होतं ॲग्नेसला.
ती म्हणाली, सोबतिणींनी.
आणि सँडविचच्या कागदाची घडी घालू लागली.

एक मला ओळखू येते.
डोळ्याखाली बारीक स्वल्पविराम,
जणू कुणी वाक्य अर्धं टाकून उठून गेलंय.
एकोणनव्वद साली आली तेव्हा
पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहिलं, बासष्ट.
चौदा वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या पाकिटातून आली,
चौकट नवी, कोरी.
लिहिलं, एकसष्ट.
त्याच आठवड्यात लिओना घर सोडून गेली होती
आणि जाताना निम्मे दिवे घेऊन गेली होती.
नाणं तेच, स्वल्पविराम तोच.
दोन आकड्यांच्या भावातला फरक
दोघांच्या एका बऱ्या जेवणाएवढा.
तरी मला कितीतरी रात्री झोप नव्हती.

आज तिसऱ्यांदा.
टायरेल ओसोवस्की, वय एकोणीस,
आजोबांच्या हातमोज्यात सापडली म्हणाला.
त्रेसष्ट येईल ना? ट्रान्समिशन गेलंय गाडीचं.

मी दिवा ओढला. आरे धावले, छान धावले.
मोतीबिंदू काढल्यापासून मला सोनं
जरा निळसर दिसतं, जरा कमी सोनं.
बासष्ट मी तिशीच्या डोळ्यांनी लिहिलं होतं,
एकसष्ट अंधारात.
आता या उसन्या काचेनं काय लिहू?

म्हटलं, तू बघ आणि तू सांग.

त्यानं भिंग नाकारलं.
नाणं उचललं, तळहातावर जोखलं,
म्हणाला, जड आहे हो,
आणि अंगठा ठेवला
सरळ तिच्या गालावर.

ॲग्नेस माझ्या घशापर्यंत आली होती.
पण तो तिला असा धरून होता
की आता गल्ल्यावर टाकेल
आणि काहीतरी मागेल, पीठ, खिळे, तिकीट.
एकशे वीस वर्षांत
तिला असं कुणी धरलं नसावं.

मी चौकटीवर पेन्सिल टेकवली, उचलली.
मग ॲसिटोनची बाटली आणायला उठलो.